पडद्याची कोरी बाजू

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीला लावतात तसला नव्हे, फोटो स्टुडिओतला. माझ्या अंगावर राजवाडा आहे, संगमरवरी जिना आहे, कारंजं आहे आणि कारंज्याच्या पाण्यात दोन राजहंस आहेत. लोक त्यांना बगळे म्हणतात. म्हणोत बापडे! ज्यांनी राजहंस कधी पाहिला नाही त्यांच्याशी काय वाद घालायचा? खरं सांगायचं तर, ज्याने ते रंगवले त्यानेही पाहिले नव्हते.

तो रंगवणारा म्हणजे भिवा. मंठ्याच्या बसस्टँडसमोर त्याचा एका खोलीचा स्टुडिओ होता. फोटो तोच काढायचा आणि उरलेल्या वेळात दुकानांच्या पाट्या आणि लग्नपत्रिकांच्या वेलबुट्ट्याही तोच रंगवायचा. त्याने बाजारातून जाड मांजरपाट आणलं, त्याच्या बायकोने, शिवकन्याने, खळ शिजवून दिली आणि एका कॅलेंडरवरचा राजवाडा पाहून पाहून त्याने तो माझ्यावर उतरवला. माझी मागची बाजू मात्र कोरीच राहिली. मला तिची लाज वाटायची. ती भिंतीकडे असायची म्हणून बरं.

पुढची काही वर्षं माझा नुसता थाट होता. नवी जोडपी माझ्यापुढे अवघडून उभी राहायची. चौदा एप्रिलच्या जयंतीला पांढरेशुभ्र कपडे घालून अख्खी कुटुंबं यायची. "राजवाडा बराबर आला पाहिजे हं, भाऊ," असं प्रत्येक जण बजावून सांगायचा. मी फुगून जायचो. भिवा मात्र धुतलेले फोटो दोरीवर वाळत घालताना सुस्कारा टाकायचा. "शिवकन्या, समदे फोटू एकावानी दिसून राह्यले गं. माणसं बदलतेत, बाकी कायबी बदलत न्हाई." तो नवनवी कॅलेंडरं आणायचा, त्यांतलं काहीतरी उचलायचा, पण त्याचं समाधान होत नसे. मला त्याचा राग यायचा. माझ्यात काय कमी होतं?

मग त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. सलग दुष्काळ होता. एके दिवशी, ऊन कलायच्या वेळी, एक बाई धावतच स्टुडिओत शिरली. तिचं नाव सोनूबाई. कडेवर दोन वर्षांची बेबीनंदा, तापाने फणफणलेली, मान टाकलेली. मागून तिचा भाऊ रखमाजी आला. गावाकडून बैलगाडी हाकत तोच दोघींना घेऊन आला होता, बैल ओळखीच्या दुकानदाराकडे बांधले होते आणि वाटेत चाकाला लावलेलं काळं वंगण त्याच्या बोटांना तसंच होतं. मंठ्याच्या डॉक्टरांनी पोरीला तपासून सांगितलं होतं की आता जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, उशीर करू नका. जालन्याची शेवटची गाडी अजून लागायची होती.

"भाऊ, हिचा एक फोटू काढा. जल्दी काढा," सोनूबाई म्हणाली.

रखमाजी तिच्यावर खेकसला. "सोने, तुला येड लागलं का? आजारी लेकराचा कुणी फोटू काढतं का? फोटूनं आयुक्ष घटतं!"

सोनूबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "माझं थोरलं लेकरू मागल्या साली गेलं, भाऊ. त्याचा फोटू न्हाई. आता डोळे मिटले तरी त्याचं तोंड बराबर दिसत न्हाई मला. हिचं तरी काही राहू द्या माझ्यापाशी."

रखमाजी दारात जाऊन उभा राहिला, एक डोळा स्टँडकडे ठेवून.

भिवाने कॅमेरा तिपाईवर चढवला. रोलमध्ये एकच फोटो उरला होता आणि नवा रोल जालन्याहून यायचा होता. त्याने दिवे लावले. पोरीला माझ्यापुढे स्टुलावर बसवलं आणि नेमकी वीज गेली.

दाराशी थोडं तिरपं ऊन होतं, तेवढंच. एवढ्या कमी उजेडात फोटो काढायचा तर कॅमेऱ्याचं झाकण जरा जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. पोरगी तेवढा वेळ स्थिर बसली तरच फोटो येणार, हलली की गेला. आणि बेबीनंदाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, ती मला पाहून किंचाळली! माझे राजहंस तिच्याहून थोराड होते, ते अंगावर येतात असं वाटलं असेल. ती रडायची थांबेना. रडता रडता तिला खोकल्याची उबळ आली. सोनूबाईचा चेहरा उतरला.

"ह्या बगळ्यांना काढ आधी!" शिवकन्या ओरडली.

भिवाने मला खस्सकन खाली ओढलं. आजवर माझ्याशी असं कुणी वागलं नव्हतं. मागे पोपडे उडालेली चुन्याची भिंत उघडी पडली. शिवकन्या उंबऱ्यात बसून पीठ चाळत होती, ती पत्र्याची चाळण तशीच हातात धरून उठली आणि उन्हात आली. चाळणीच्या भोकांतून ऊन गाळून निघालं आणि भिंतीवर उजेडाचे शेकडो ठिपके पडले. बेबीनंदा रडता रडता थांबली. शिवकन्याने चाळण हलवली तसे ठिपके पळाले. पोरीने हुंदका गिळला आणि ते धरायला हात पुढे केला.

भिवा तर फोटो काढायचाच विसरला होता. ही चाळण त्याच्या घरात रोज होती, हे ऊन रोज त्याच दारातून यायचं. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"गाडी लागली!" रखमाजी ओरडला. "सोने, ऊठ!"

"एकच मिनिट, दादा," भिवा म्हणाला. "पोरीचं तोंड सावलीत हाय. तोंडावर उजेड पाहिजे." त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर जमिनीवर पडलेल्या माझ्यावर गेली. त्याने मला उचललं, उलटं केलं आणि माझी दोन टोकं रखमाजीच्या हातात दिली. "हे कोरं अंग उन्हाकडं धरा. उजेड पोरीच्या तोंडावर टाका. बिलकुल हलू नका."

रखमाजीने मला धरलं. वंगणाच्या त्या काळ्या बोटांनी! माझा राजवाडा त्याच्या घामट सदऱ्याला चिकटला आणि जिची मला आयुष्यभर लाज वाटली ती कोरी बाजू उन्हाला भिडली. ऊन माझ्यावर आदळलं आणि वळून पोरीच्या गालावर गेलं. कंडक्टर स्टँडवर घंटी मारत होता. रखमाजीची मान स्टँडकडे वळली आणि परत आली. त्याने श्वास रोखला आणि मला ताणून धरलं.

शिवकन्याने चाळण धरून ठेवली. ठिपके थांबले. त्यांच्याकडे पाहत बेबीनंदाही थांबली. भिवाने झाकण उघडलं आणि मिटलं.

पुढच्या क्षणी स्टुडिओ रिकामा होता. रखमाजी पोरीला छातीशी धरून निघालेल्या गाडीमागे धावला. गाडी थांबली, दोघं बहीणभाऊ चढले आणि धुरळा उडवत गाडी गेली. मी जमिनीवर पडून होतो.

फोटो सुरेख आला. पोपडे उडालेली भिंत, त्यावर उजेडाचे ठिपके, पुढे केलेला चिमुकला हात आणि उजळलेला गाल. भिवाने तो दर्शनी काचेत लावला नाही. "आधी पोरगी येऊ दे," म्हणाला. जालन्याहून गाडी आली की तो हातातलं काम टाकून दारात यायचा. उतरणारी माणसं पाहायचा आणि आत जायचा. पाऊस पडला, पेरण्या झाल्या. कुणी आलं नाही. शिवकन्याने विचारणं सोडून दिलं.

पण भिवाची नजर बदलली होती. बाजेच्या विणीची सावली, कासाराच्या दुकानातली बांगड्यांची चळत, ओल्या चिखलात उमटलेली गाडीच्या चाकांची नक्षी, असलं काहीबाही तो फोटोत धरू लागला. चाळणीचे ठिपके त्याने एका लग्नपत्रिकेच्या काठाला काढले, तर लोक तीच नक्षी मागू लागले. कॅलेंडरं त्याने पोथ्यांना कव्हरं घालायला देऊन टाकली. आणि मी? प्रत्येक फोटोच्या वेळी मी असायचो, पण उलटा आणि फोटोबाहेर, उजेड टाकायला. शिवकन्याने सोड्यात घालून मला घासलं, तरी रखमाजीची काळी बोटं गेली नाहीत. माझे राजहंस झिजून गेले. कुणालाही त्याचं काही वाटलं नाही.

ज्वारी पोटऱ्यात आली, कणसं बाहेर पडायच्या बेताला, तेव्हा एके दिवशी सोनूबाई आली. एकटीच. भिवाने तिच्या रिकाम्या कडेकडे पाहिलं. इतक्यात मागून रखमाजी आला आणि त्याच्या खांद्यावर हडकुळी पण हसरी बेबीनंदा! शिवकन्या रडू लागली. मीही, पडद्याला रडता येत असतं तर, रडलो असतो. भिवाने फोटोची एक प्रत सोनूबाईच्या हाती दिली आणि दुसरी दर्शनी काचेत लावली.

त्यानंतर रखमाजी बाजाराला आला की स्टुडिओत डोकावायचाच. भिवा म्हणायचा, "दादा, बसा, तुमचाबी एक काढू." तो हात झटकायचा. "मला कशाला? मी पडदा धरतो." आणि खरोखर धरायचा. त्याच्यासारखं स्थिर मला कुणी धरलं नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात शेतात साप चावून रखमाजी गेला.

पुढच्या वर्षी सोनूबाई बेबीनंदाला घेऊन आली. पोरगी आता शाळेत जात होती. "भाऊ, दादा एवढ्या येळा यायचा तुमच्याकडं. एखादा तरी फोटू काढला असंल ना? त्याचं तोंडबी आता..."

भिवाने मान खाली घातली. एकही नव्हता. मग भिवा उठला, दर्शनी काचेतला चाळणीच्या ठिपक्यांचा तो फोटो त्याने काढून आणला आणि पोरीच्या उजळलेल्या गालावर बोट ठेवलं. "ताई, ह्यो उजेड दिसून राह्यला ना? ह्यो रखमाजीदादाच्या हातातला हाय. तो हलला असता तर हा फोटू न्हाई आला असता."

सोनूबाईने त्या उजेडावरून बोट फिरवलं. कितीतरी वेळ फिरवत राहिली. बेबीनंदा मात्र माझ्यापाशी आली. माझ्या कोऱ्या अंगाच्या काठावर तिला ती काळी बोटं सापडली. "मामाची?" तिने विचारलं. शिवकन्याने मान हलवली. पोरीने एकेका डागावर आपलं एकेक बोट ठेवलं. तिची बोटं छोटी होती, डाग पुरून उरले. भिवाने कॅमेरा उचलला.

माझ्या कोऱ्या बाजूचा तो एकमेव फोटो. दोन्ही फोटो आता सोनूबाईच्या घरी आहेत. राजवाड्यापुढे काढलेले शेकडो फोटो कुठे गेले, मला माहीत नाही.

मित्रांनो, मी आता विरलो आहे. माझी घडी घाला, उंदरांपासून जपा, उन्हात टाकून धूळ झटका. पण तुमच्यापैकी कुणाच्या हाती मी पडलोच, तर एवढं ऐका. माझ्या काठावर काळे डाग दिसतील. मला धुवायला काढू नका.