इंग्रजीतले गुडघे

घंटीभाऊंना दोन गुडघे होते आणि दोन्ही फक्त आपल्या भाषेत दुखत. इंग्रजीत त्यांना गुडघेच नव्हते, कारण तो शब्द अजून वर्गात शिकवून झाला नव्हता. त्यामुळे इंग्रजीत घंटीभाऊ पहाटे उठत, बागेला फेऱ्या मारत, केळं खात आणि यंदाच्या शहर मॅरेथॉनमध्ये धावणार होते. आपल्या भाषेत मात्र खुर्चीतून उठताना ते टेबलाला, भिंतीला आणि देवाला अशा तिघांना धरून उठत.

हे असं कसं झालं ते सांगायचं, तर आधी ती खुर्ची सांगायला हवी.

खुर्ची एका उंच इमारतीच्या तळघरात होती. खोलीला खिडकी नव्हती. खिडकी असावी अशा जागी आग लागल्यास काय करावे याचा तक्ता लावलेला होता आणि त्यात पहिली सूचना खिडकी उघडण्याची होती. समोर एक पॅनेल, त्यावर प्रत्येक लिफ्टचा एक दिवा, शेजारी रिसीव्हर. कुणी लिफ्टमध्ये अडकलं आणि त्याने घंटी दाबली की दिवा लागे, घंटीभाऊ रिसीव्हर उचलत, आणि मेकॅनिक दार उघडेपर्यंत त्या माणसाशी बोलत राहत. एवढंच काम. पण बोलणं थांबवायचं नाही. बोलणं थांबलं की माणूस घाबरतो, घाबरला की दाराला लाथा घालतो, आणि कंपनीचा माणसापेक्षा दारावर जीव होता.

या कामात घंटीभाऊंचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदा एका वकिलाने अडकल्या अडकल्या सासूची तक्रार सुरू केली. दार उघडलं तेव्हा तक्रार ऐन रंगात आली होती. वकील बाहेर आला, इकडेतिकडे पाहिलं आणि उरलेलं सांगायला थेट तळघरात उतरला. जिन्याने.

अडकलेली माणसं अशी सुटून जात. घंटीभाऊ संध्याकाळपर्यंत तिथेच. पण त्यांची काही तक्रार नव्हती. बसायला मिळत होतं.

मग वरचे मजले एका परदेशी कंपनीने घेतले. त्या लोकांना फक्त इंग्रजी येई, आणि लिफ्ट काही भाषा बघून अडकत नाही. त्यांचाच एक माणूस मधल्या मजल्यावर अडकला तेव्हा घंटीभाऊंनी त्याला इंग्रजीतले आकडे म्हणून दाखवले. दुसरं काही येत नव्हतं. आकडे सुलटे म्हटले असते तरी चाललं असतं, पण त्यांनी उलटेच म्हटले, आणि दर आकड्यागणिक त्या माणसाला वाटत गेलं की शेवटच्या आकड्याला लिफ्ट खाली पडणार आहे.

इमारतीच्या नव्या मॅनेजर मॅडमनी, ज्यांना स्वतःला इंग्रजीखेरीज काही येत नव्हतं, हुकूम काढला: रिसीव्हरवर बसणाऱ्याने इंग्रजी संभाषणाची परीक्षा द्यायची. नापास होईल त्याची बदली मेकॅनिकच्या हाताखाली. म्हणजे लिफ्टच्या बोगद्यात, लोखंडी शिडीवर, वर आणि खाली.

घंटीभाऊंनी आधी शिडीकडे पाहिलं, मग गुडघ्यांकडे, आणि वर्गात नाव घातलं.

वर्ग घेणाऱ्या बाई दरवर्षी मॅरेथॉन धावत आणि वर्षभर मॅरेथॉनबद्दलच बोलत. त्यांचं म्हणणं असं, "हवापाण्यावर बोललात तर दोन वाक्यांत संपतं, राजकारणावर बोललात तर मारामारी होते. मॅरेथॉनवर कुणीही कुणाशीही कितीही बोलू शकतं." हे खरं असावं. निदान बाई तरी बोलू शकत.

पहिल्याच दिवशी त्यांनी गोल बसवून प्रत्येकाला इंग्रजीत विचारलं, "यंदा धावणार का?"

पहिला नंबर गेटवरच्या रखवालदाराचा होता. तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, "नो."

"व्हाय नॉट?" बाई म्हणाल्या.

रखवालदार उघड्या तोंडाने बसला. पाय, काम, बायको, वय, अशी सगळी कारणं त्याच्या चेहऱ्यावर एकामागून एक येऊन गेली, पण इंग्रजीत एकही उतरलं नाही. बाई सोडेनात. त्याला घाम फुटला. घंटीभाऊंनी जन्मभर अडकलेली माणसं ऐकली होती. डोळ्यांनी पाहिलं ते पहिल्यांदाच.

त्यांनी मनाशी हिशेब बांधला. 'नो'च्या मागे 'व्हाय नॉट' उभं आहे. त्यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "यस."

"गुड!" बाई म्हणाल्या आणि पुढे सरकल्या.

इतकं सोपं होतं ते. पुढच्या तासाला बाईंनी विचारलं, सराव कसा चाललाय? "गुड." कुठे धावता? बाग हा शब्द येत होता, म्हणून बागेत. काय खाता? केळं येत होतं, म्हणून केळं. पहाटे हा शब्द त्याच दिवशी शिकवला होता, म्हणून पहाटे. घंटीभाऊ खोटं बोलत नव्हते. जे येत होतं ते बोलत होते. पण येणाऱ्या शब्दांतून हळूहळू एक वेगळाच माणूस उभा राहिला, पोटाने सपाट आणि स्वभावाने आनंदी. घंटीभाऊंना तो आवडायलाही लागला होता. फक्त तो धावत होता, ही एक अडचण होती.

बाईंनी या माणसाचं कौतुक मॅडमच्या कानावर घातलं. मॅडमना इमारतीतर्फे कुणीतरी धावायला हवंच होतं. एका सकाळी त्या तळघरात आल्या, घंटीभाऊंचा हात हातात घेऊन बरंच काही बोलल्या. घंटीभाऊंना त्यातलं "गुड" समजलं. त्या निघून गेल्या तेव्हा टेबलावर बूट, इमारतीचं नाव छापलेला बनियन आणि धावण्याचा नंबर होता.

"हे काय आणलंत?" घरी बायकोने विचारलं.

घंटीभाऊंनी सगळं सांगितलं. बायको दवाखान्यात, जखमांना पट्टी बांधण्याच्या खोलीत काम करायची. माणसं ओरडत असताना हात थरथरू न देण्याची तिला सवय होती. तिने बूट उलटसुलट करून पाहिले.

"तुम्ही धावणार."

"हो ना."

"काल दूध उतू चाललं होतं, तर इथून तिथवर गेला नाहीत. तिथूनच मला हाक मारलीत, अगं दूध उतू चाललंय म्हणून."

"ते दूध होतं गं."

"सांगून टाका की सरळ, मॅडम, मी धावत नाही."

"इंग्रजीत?"

"मग कशात?"

"इंग्रजीत सांगितलं की त्या विचारणार, मग इतके दिवस हो का म्हणालात? ते सांगायला अजून दोन वर्षं शिकावं लागेल. आणि आपल्या भाषेत सांगितलं, तर इंग्रजी येत नाही हे सिद्ध झालं. मग शिडी."

बायकोने बराच विचार केला. "मग धावा," ती म्हणाली.

"आणि गुडघे?"

"ते घरी ठेवून जा." असं म्हणून तिने बूट स्वतःच्या पायात घालून पाहिले. बसले, तेही व्यवस्थित.

त्यानंतर घंटीभाऊंना ती बिनखिडकीची खोली पहिल्यांदाच लहान वाटू लागली. एका भिंतीशी शिडी होती, दुसऱ्या भिंतीशी मॅरेथॉन, आणि मधे खुर्ची. एखाद्या लिफ्टची घंटी वाजली की त्यांना वाटे, आत आपणच आहोत.

मॅरेथॉनच्या आधल्या आठवड्यात परीक्षा झाली. रीत अशी ठरली की मॅडम स्वतः लिफ्टमध्ये बसतील, मेकॅनिक ती दोन मजल्यांच्या मधे बंद करील, आणि घंटीभाऊंनी ती पुन्हा सुरू होईपर्यंत बोलायचं. थांबले की नापास. मेकॅनिकला सगळे पान्हा म्हणत, कारण तो जेवतानाही खिशातून पान्हा काढून शेजारी ठेवी. इंग्रजीचं पान्ह्याला काही पडलं नव्हतं. "तुम्ही घाबरू नका हो भाऊ," तो म्हणाला. "चहा गार व्हायच्या आत चालू करतो."

बाई पेन्सिल घेऊन घंटीभाऊंच्या शेजारी बसल्या. मदत करायची त्यांना मनाई होती.

दिवा लागला. घंटीभाऊंनी रिसीव्हर उचलला आणि त्या दुसऱ्या माणसाला, धावणाऱ्याला, पुढे केलं. पहाट सांगितली, बाग सांगितली, केळं सांगितलं. मॅडम लिफ्टमधून नाटकी आवाजात "अरे वा, अरे वा" अशा अर्थाचं काहीतरी म्हणत होत्या. बाई खुशीत टिपत होत्या.

वर पान्ह्याने खटका दाबला. लिफ्ट हलली नाही. पुन्हा दाबला. लिफ्टचा ब्रेक आवळून बसला होता तो सुटेना. खोलीच्या दारात त्याचा मदतनीस येऊन हळूच सांगून गेला, "हाताने चाक फिरवून खाली आणतोय, वेळ लागेल."

घंटीभाऊंकडे आता केळी संपली होती. त्यांनी पुन्हा पहाट सांगितली. मॅडमचा आवाज बदलला. त्यांनी विचारलं, अजून किती वेळ? मग पुन्हा तेच, घाईने. मग नुसता श्वास ऐकू येऊ लागला, आखूड आणि भरभर. हा श्वास घंटीभाऊ ओळखून होते. त्याला भाषा नसते. यानंतर लाथा येतात आणि लाथांनंतर रडणं.

काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि त्या धावणाऱ्या माणसाचं सगळं बोलून झालं होतं. उरलं होतं ते एकच, आजवर न वापरलेलं.

"मॅडम," घंटीभाऊ इंग्रजीत म्हणाले, "मी धावत नाही."

बाईंची पेन्सिल थांबली. लिफ्टमधला श्वासही थांबला.

"काय?"

"धावत नाही. कधीच नाही. मी बसतो."

"व्हाय नॉट?" मॅडम ओरडल्या. त्या ओरडण्यात भीती नव्हती. निखळ संताप होता. तब्येतीला फार चांगला.

ज्या 'व्हाय नॉट'च्या दारापासून घंटीभाऊ इतके दिवस पळत होते (एवढंच काय ते त्यांचं पळणं) ते दार उघडून ते आता आत गेले होते. त्यांची इंग्रजी वाक्यं विटांसारखी होती. एकापुढे एक ठेवता येत, पण भिंत सरळ येत नसे. "माझे पाय. नाही, पाय चांगले. पायाच्या मधे." शब्द मिळेना. त्यांनी रिसीव्हर खाली नेला आणि गुडघ्यावर दोन थापटा मारल्या.

"ते काय आहे? तुम्ही टेबल वाजवताय?"

"टेबल नाही. मी. वर पाय, खाली पाय. मधे दार. दार अडकलंय."

मग मॅडम, अजून रागातच, पण शिकवायच्या सुरात म्हणाल्या, "नी?"

घंटीभाऊंनी बाईंकडे पाहिलं. मदत करायची मनाई असूनही बाईंनी मान हलवली.

"नी!" घंटीभाऊ म्हणाले. "दोन. दोन्ही वाईट." आणि असे, दोन मजल्यांच्या मधे लटकलेल्या मॅडमच्या हातून, घंटीभाऊंना इंग्रजीत गुडघे फुटले.

पुढे मॅडमनी झाडून सगळं विचारलं. मग हो का म्हणालात? हो सोपं होतं. बागेचं? बाग खरी आहे, मी तिच्यातून जात नाही. केळं? केळं खातो. बूट? बायकोच्या पायात. का? तिला बसले. प्रत्येक उत्तरामागून मॅडमचा नवा 'का' येई आणि प्रत्येक 'का'मागे घंटीभाऊ घामाघूम होऊन एक वीट ठेवत. 'यस' म्हटलं की बोलणं संपतं आणि 'नो' म्हटलं की सुरू होतं, ही गोष्ट बाईंनी वर्गात कधी सांगितली नव्हती. त्यांनाही ती आत्ताच कळत असावी, कारण त्या टिपायचं सोडून ऐकत होत्या.

शेवटी लिफ्ट उतरली, दार उघडलं. मॅडम बाहेर आल्या. समोर पान्हा ग्रीसने माखलेले हात घेऊन उभा. मॅडमनी त्याला कडक आवाजात एक लांबलचक प्रश्न विचारला. पान्ह्याला इंग्रजीत एकच शब्द येत होता, आणि वरिष्ठांना तो आवडतो असा त्याचा अनुभव होता.

"यस," पान्हा म्हणाला.

तो बनियन पान्ह्याला थोडा घट्ट झाला, असं ज्यांनी त्याला रविवारी धावताना पाहिलं ते सांगतात. धावताना त्याच्या खिशात पान्हा होता.

मॅडम परीक्षेनंतर तळघरात आल्या नाहीत. त्यांनी निकाल फोनवर सांगितला: पास. मग त्या म्हणाल्या की घंटीभाऊ अत्यंत खोटारडे आहेत, आणि आपण पुन्हा कधी अडकलो तर रिसीव्हर त्यांनीच उचलावा. शिडी टळली. खुर्ची राहिली. खिडकी अर्थातच नव्हती, आणि आता इमारतीतली प्रत्येक इंग्रजी घंटी त्यांच्याच टेबलावर वाजणार होती.

सोमवारी दुपारी दिवा लागला. वरच्या मजल्यावरचा कुणीतरी अडकला होता. आवाजावरून वयाने लहान आणि बराच घाबरलेला. पान्हा रजेवर होता, त्याला पलंगावरून उठता येत नव्हतं. बदली मेकॅनिक गावाच्या दुसऱ्या टोकाहून निघाला होता.

"कालची मॅरेथॉन," घंटीभाऊ इंग्रजीत म्हणाले. "पाहिली?"

"हो," तो मुलगा श्वास गिळत म्हणाला. "तुम्ही धावलात का?"

घंटीभाऊंनी पॅनेलकडे पाहिलं. भरपूर वेळ होता. त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली, पाय लांब केले, दोन्ही गुडघ्यांखाली उशी सरकवली आणि रिसीव्हर नीट कानाला लावला.

"नो," ते म्हणाले, आणि वाट पाहू लागले.