असलास तरी घे

हेब्रोनच्या शरणपुरात एक रीत होती आणि गेराला तिचा मनापासून वैताग होता. तिथं आश्रयाला आलेल्या माणसाला कुणी मान दिला, हातावर काही ठेवलं, की त्यानं आधी स्वतःच्या तोंडानं सांगायचं, "मी मारेकरी आहे." मग देणाऱ्यानं म्हणायचं, "असलास तरी घे." ज्यानं ही रीत घातली त्याच्या मनात काही थोर असेलही. पण रोजच्या वापरात थोर गोष्टींचाही चोथा होतो. जेवण वाढणारी ती लेवींची, म्हणजे याजकांच्या कुळातली, जाडी बाई मसुराच्या कालवणाची दुसरी पळी हवेतच धरून उभी राहायची.

"मारेकरी आहे गं बाई, मारेकरी!"

"असलास तरी घे." पळी खाली.

खरं म्हणजे गेरा मुंगी मारणाऱ्यातलाही नव्हता. आपल्या गावी, तकोवाच्या रानात तो आणि त्याचा मित्र इश्बा लाकडं तोडत होते. गेरानं घाव घालायला कुऱ्हाड उगारली, पातं दांड्यातून निसटलं आणि थेट इश्बाच्या कपाळात बसलं. वडीलधाऱ्यांनी चौकशी केली, दोघांत वैर नव्हतं हे पाहिलं आणि त्याला शरणपुरात धाडलं. मुख्य याजक जिवंत आहे तोवर वेशीच्या आत राहायचं. बाहेर पाऊल टाकलं आणि इश्बाच्या भावानं त्याला कापून काढलं, तर कुणी जाब विचारणार नाही. याजक मेला की सगळं फिटलं, खुशाल घरी जावं. याजकाच्या मरणाचा आणि कुऱ्हाडीच्या पात्याचा संबंध काय, असं गेरानं विचारून पाहिलं होतं. "शास्त्र आहे," एवढंच उत्तर मिळालं.

आता अशा गावात माणसं दुसरी कसली प्रार्थना करणार? यरुशलेमात मुख्य याजकाला शिंक आली की इकडे हेब्रोनात गाठोडी बांधायला घेत. पण गृहस्थ ठणठणीत. शिंकायचा आणि पुन्हा वेदीपाशी उभा राहायचा.

हे सगळं त्या याजकाच्या आईला ठाऊक होतं. आधीच्या याजकांच्या आयांनाही ठाऊक असायचं, म्हणून तर ही चाल पडली होती, की याजकाच्या आईनं शरणपुरातल्या लोकांना खाऊपिऊ घालावं, कपडेलत्ते द्यावेत, म्हणजे ते तिच्या मुलाच्या जिवावर उठणार नाहीत. लाचच ती. पण आईच्या हातची लाच, तिला नावं कोण ठेवणार? या याजकाची आई, म्हातारी अटारा, गाढवावर टोपल्या लादून यायची. आधी गावातल्या गुहेपाशी जाऊन डोकं टेकायची. त्या गुहेत आदाम आणि हव्वा पुरलेत असं हेब्रोनची माणसं सांगतात, आणि नाही म्हणणाऱ्याला वेड्यात काढतात. मग ती ओट्यावर बसून मधातल्या पोळ्या आणि अंजिराच्या वड्या वाटायची. "खा रे, माझ्या लेकरांनो," म्हणायची, आणि कुणी काही पुटपुटतंय का म्हणून एकेकाच्या ओठांकडे बारीक नजरेनं बघायची.

गेराला जुन्या गोष्टी सांगायची हातोटी होती. अटाराला मात्र एकच गोष्ट हवी असायची.

"मथुशलहची सांग रे."

"सांगतो माई. तर मथुशलह जगला नऊशे एकोणसत्तर वर्षं."

हा आकडा आला की बूजला ठसका लागायचा. बूज म्हणजे म्हातारा गवंडी. त्याच्या हातून भिंतीवरचा दगड खाली कुणाच्या तरी डोक्यात पडला होता.

"आठशेव्या वर्षी त्याला नवे दात आले," गेरा रंगवून सांगायचा.

"अगंबाई! काय खायचा रे तो?"

"आईच्या हातचं, माई."

म्हातारी खूश होऊन आणखी एक पोळी पुढे करायची. ती गेली की बूज गेरावर तुटून पडायचा. "तीनशेवर मार की मेल्याला! तुझ्या बापाचं काय जातंय? ती घरी जाऊन मुलाला सांगत असेल, नऊशे वर्षं जगता येतं म्हणून!"

एकदा अटारानं सहज विचारलं, "तुझी आई आहे का रे?"

गेरानं पटकन विचार केला. आई आहे म्हटलं, तर हिला कळणार की याला घरची ओढ आहे, म्हणजे हा देवाकडे काय मागत असेल. तो म्हणाला, "वारली, माई."

म्हातारीचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून गेराला सगळं दुप्पट मिळायला लागलं. पोरक्याला कोण आहे, असं म्हणून ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची. आणि तिच्या हातची पोळी तोंडात असतानाच गेरा मनात म्हणायचा, देवा, हिचा मुलगा ने. रोज म्हणायचा, न चुकता. घास तरीही गोडच लागायचा, हीच पंचाईत होती.

कारण आई जिवंत होती. तकोवात, एकटी. तिची खबर आणायचा मल्लूख, म्हणजे मेलेल्या इश्बाचा भाऊ, म्हणजे ज्याला गेराचा जीव घ्यायचा हक्क होता तोच. बाजाराच्या दिवशी तो जैतुनाचं तेल विकायला यायचा आणि वेशीबाहेरच्या झाडाखाली, कमरेला सुरा लावून, बसायचा. गेरा वेशीच्या आत बसायचा.

"टाक पाऊल बाहेर. आतडी काढतो," मल्लूख म्हणायचा.

"काढ रे बाबा. आधी आईचं सांग."

"बरी आहे. डोळे मात्र गेलेच म्हण. परवा शेळी समजून माझ्या गाढवाची धार काढायला बसली."

"हसलास ना?"

"हसलो. मग शेळी धरून दिली तिला." मल्लूख जमिनीकडे बघत म्हणाला, "उजेड अंधार तेवढा कळतो आता. उजेडात माणूस समोर उभा राहिला तर ओळखते. म्हणते, गेरा येईपर्यंत एवढी नजर राहू दे, मग मेली जाऊ दे."

 त्या रोजच्या प्रार्थनेत गेरानं आणखी दोन शब्द घातले, लवकर ने.

पुढच्या खेपेला अटारा गाढवावर बसून आली नाही. गाढवाचा दोर धरून पायी आली. अंगावर गोणपाट, गळ्याशी फाडलेलं, केसांत राख. टोपल्या मात्र होत्या.

ती ओट्यावर बसली. 

"गेला," ती म्हणाली. "सात दिवसांचं सुतक फिटलं आणि निघाले. नव्याला तेलाचा अभिषेक होईपर्यंत बाहेर कळू द्यायचं नाही असं ठरलंय त्यांचं. कुणाला बसवायचं यावरून भांडणं चाललीत तिकडे. म्हटलं, त्यांच्या भांडणापायी तुम्ही कशाला इथं खितपत पडा? वेशीबाहेर सुरे लावून बसतात त्यांनाही सांगूनच आत आलेय. जा, आपापल्या घरी जा."

ज्या बातमीसाठी एवढी माणसं देवाला छळत होती, ती आली, आणि कुणाला हसता येईना. बूज भिंतीआड गेला. तिकडून आवाज आला तो हसण्याचा की रडण्याचा, कळायला मार्ग नव्हता. मग एकेक जण म्हातारीच्या पायाला हात लावून गाठोडं बांधायला सटकला. बूज जाता जाता गेराच्या कानाशी लागला, "जिवाला लावून घेऊ नकोस. कावळ्याच्या शापानं गाय मरत नसते."

गेरा तिथंच उभा राहिला. पाय घराकडे ओढत होते आणि म्हातारीला एकटं टाकवत नव्हतं.

"गोष्ट सांगू का, माई?"

"मथुशलहची नको."

"नाही."

"हव्वेची सांग."

गेरा खाली बसला आणि सांगायला लागला. दोन मुलगे होते. काइनानं हाबेलाला रानात मारलं. एक मातीत गेला, दुसऱ्याला देवानं हाकलून दिलं. पण त्याला कुणी मारू नये म्हणून त्याच्यावर खूणही केली.

"आणि आई?"

"तिचं फारसं काही नाही त्यात. पुढं तिला आणखी एक मुलगा झाला."

"रडली का ती?"

"तसं कुठं सांगितलेलं नाही, माई."

"बाप्यानं सांगितलेली गोष्ट दिसतेय," अटारा म्हणाली आणि टोपलीत हात घातला. आतून एक जाड लोकरीचा झगा निघाला, तपकिरी, नवाकोरा. त्यावर घडी केलेली एक ओढणी होती. "झगा तुला. थंडीपासून विणत होते. आणि ही ओढणी तुझ्या आईला. मऊ आहे. दिसलं नाही तरी हाताला कळेल."

"माझ्या आईला?" गेरा म्हणाला.

"त्या झाडाखालच्या पोरालाही मी पोळी देते येताजाता," ती म्हणाली. "तोही कुणाचा तरी मुलगाच. तू आई वारली म्हणालास ना, त्याच दिवशी त्यानं सांगितलं, आहे म्हणून."

"मग... मग तरी तुम्ही मला—"

"आई वाट बघत असलेला मुलगा देवाकडे काय मागतो, ते मला कळत नाही होय रे? म्हणून तर तुला दुप्पट द्यायचे."

झगा तिच्या हातात तसाच पुढे धरलेला होता. गेरा आता मोकळा झाला होता. रीत वेशीच्या आत अडकलेल्यांसाठी होती, त्याला काही म्हणायची गरज उरली नव्हती. पण हात पुढे होईना. पळीभर कालवणासाठी जे वाक्य त्यानं हजारदा थुंकून टाकलं होतं, तेच त्यानं आता एकेक शब्द जपून म्हटलं.

"माई," तो म्हणाला, "मी मारेकरी आहे."

अटारानं त्याच्याकडे बघितलं.  गेराला वाटलं, ही झगा परत टोपलीत ठेवणार. ठेवला असता तरी त्यानं तक्रार केली नसती.

"असलास तरी घे," ती म्हणाली आणि उठून झगा त्याच्या खांद्यावर टाकला. "जा आता. ऊन आहे तोवर पोच. तिला दिसायला हवास तू."