पत्र वर, नमुने खाली

ठसे विभागात माझे टेबल सासऱ्यांच्या उजवीकडे होते आणि घरी जेवताना माझी खुर्ची त्यांच्या डावीकडे. सकाळी दहापर्यंत मी त्यांना बाबा म्हणत असे, दहानंतर साहेब. बाकी सगळा विभाग त्यांना भिंगसाहेब म्हणे, कारण भिंगाची कड टेकून टेकून त्यांच्या उजव्या डोळ्याखाली एक फिकट अर्धगोल उमटला होता. एकोणतीस वर्षांत त्यांचा एकही अहवाल न्यायालयातून परत आला नव्हता. हे ते स्वतः कधी सांगत नसत. सासूबाई सांगत, आणि ते नम्रपणे मान खाली घालून, कुणी पुन्हा विचारते का याची वाट पाहत.

आमच्याकडे प्रत्येक अहवालावर दोन सह्या लागत. पहिली ठसे जुळवणाऱ्याची, दुसरी ते स्वतंत्रपणे तपासून पाहणाऱ्याची. प्रत्यक्षात दुसऱ्याच्या हाती फाईल येई ती पहिल्या सहीची शाई वाळत असताना. माझ्या आधी दुसरी सही करणाऱ्या गृहस्थांनी निवृत्त होताना मला आपले भिंग दिले आणि बजावले, की भिंगसाहेबांचा कागद तपासणे म्हणजे उगवलेल्या सूर्याकडे ओळखपत्र मागणे. भिंग कोरे करकरीत होते. बावीस वर्षांत त्याची काच पुसण्याची वेळ आली नव्हती.

मग बुद्धिबळाच्या क्लबातून चांदीचा करंडक चोरीला गेला. खिडकीच्या काचेवर एक ठसा सापडला आणि तपास अधिकाऱ्याने तो आमच्याकडे पाठवला. सोबतच्या पत्रात लिहिले होते की संशयित खुर्च्या विणणारा आहे, आठवड्यापूर्वी त्याने क्लबच्या खुर्च्या विणल्या होत्या, तरुणपणी मारामारी केल्यामुळे त्याचे ठसे दप्तरी आहेत, आणि चौकशीत तो अडखळतो. तरी ठसे जुळत असल्याची खात्री करावी. जुळतात का ते पाहावे, असे त्यात नव्हते.

साहेबांनी खात्री केली. दोन ठशांत रेषा जिथे थांबतात किंवा फाटतात अशा बारा जागा जुळल्या की पुरे असते. त्यांनी चौदा मोजल्या आणि सही केली.

फाईल माझ्याकडे आली. मी पाहिले, आणि मला वाटले की माझ्याच डोळ्यांत काही तरी गेले आहे. पुन्हा पाहिले. काचेवरच्या ठशाच्या मध्याजवळ एक रेषा फाटून दोन होत होती. खुर्च्या विणणाऱ्याच्या बोटावर मात्र ती रेषा कुठेही न फाटता, आपल्याच तंद्रीत चालणाऱ्या माणसासारखी कडेपर्यंत निघून गेली होती. खाली असाच आणखी एक फरक, आणि त्याच्या शेजारी आणखी एक.

मी साहेबांना विचारले. वेत, ते म्हणाले. दिवसभर वेत ओढणाऱ्याच्या बोटावर रेषा धड राहतील कशा? मी म्हटले, वेताने रेषा खाल्ली तर ती तुटलेली दिसेल. ही अखंड आहे, फक्त वेगळ्या वाटेने गेली आहे. त्यांनी भिंग खाली ठेवले.

"सूनबाई," ते म्हणाले, "सही करा."

दुपारचे तीन वाजले होते. कार्यालयात हा शब्द आजवर कुणी ऐकला नव्हता. टंकलेखन करणाऱ्या दोघींचे हात एकाच वेळी थांबले. मी सही केली नाही.

त्यानंतरचे तीन दिवस आमच्या घरातल्या शांततेला वजन होते. ती उचलून बाजूला ठेवावी लागे, तेव्हा कुठे जेवायला वाढता येई. बाबा माझ्याशी मीठदाणीमार्फत बोलत: ती दाणकन ठेवली तर नाराजी, हळू ठेवली तर जास्त नाराजी. माझा नवरा पाण्याचा पेलासुद्धा रुमालाने धरू लागला. कोणत्याही बाजूला पुरावा मिळू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

शनिवारी मटार सोलताना सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला. सोबतच्या पत्रात काय लिहिलं होतं?

मी सांगितले. त्यांनी परात बाजूला सारली. त्यांची सगळी नोकरी आमच्याच कार्यालयात, आवक विभागात पाकिटे फोडण्यात गेली होती.

"पत्र वर, नमुने खाली," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मीच लावत होते तसं. टाचणीसुद्धा मीच टोचायची. हे आधी गोष्ट वाचतात गं, आणि मग बोटं बघतात."

मग त्यांनी कपाटावरचा टाइपरायटर खाली काढला. कागद चढवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आले, ते मी लग्नाच्या फोटोतही पाहिले नव्हते.

रविवारी सकाळी बाबांपुढे एक पाकीट आले. पत्रानुसार तो प्रशिक्षणार्थींचा सराव होता: एक ठसा ग्रंथालयातल्या चोरीतला, दुसरा एका परिचारिकेचा, जी त्या वेळी रुग्णालयात कामावर होती. विद्यार्थी हे ठसे चुकून जुळवतात, तरी फरक दाखवून द्यावेत. खालचे दोन ठसे अर्थातच काचेवरचा आणि खुर्च्या विणणाऱ्याचा. मी ते उलटे करून, लहान करून छापले होते. अशा प्रती आणि फाईल घरी नेणे नियमाबाहेरचे होते. तो अपराध मी पुढे लेखी कळवला आणि त्याबद्दल मला रीतसर ताकीद मिळाली.

बाबा बनियनवर गॅलरीत बसले. एकोणतीस वर्षांनी कुणी तरी शिकवायला सांगितले होते. लाल पेन्सिल सरसर चालली. वीस मिनिटांत त्यांनी नऊ फरक काढले, प्रत्येकाला अंक दिला आणि खाली रेघ मारली.

"हे जुळतं म्हणणाऱ्याला भिंग देऊ नये," ते म्हणाले. "त्याला मटार सोलायला बसवावं."

"कालचे उरलेत," सासूबाई म्हणाल्या, आणि परात त्यांच्यासमोर ठेवून तिच्याशेजारी त्यांचा सही केलेला अहवाल ठेवला. छायाचित्रांसकट, सुलट.

बाबांनी आधी आमच्याकडे पाहिले, मग कागदांकडे. सरावाचे कागद त्यांनी फिरवले. भिंग डोळ्याला लावले, काढले, पुसले, पुन्हा लावले. बराच वेळ एक लाल अंक त्यांच्या बोटाखाली राहिला. मग त्यांनी भिंग परातीच्या कडेला ठेवले आणि खरोखरच मटार सोलू लागले. दहा-बारा शेंगा झाल्यावर म्हणाले, "सुनावणी कधी आहे?"

"उद्या."

"किती दिवस आत आहे तो?"

"अकरा."

"घरी कोण कोण आहे त्याच्या?"

मला माहीत नव्हते. पत्रात ते नव्हते.

सोमवारी त्यांनी स्वहस्ते लिहिले की ठसे जुळत नाहीत, चूक माझी आहे, आणि दुसऱ्या सहीने ती रोखली. न्यायालयात तपास अधिकारी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहत होता की जणू ऐन डावात त्यांनी पट उलटा केला होता. बचावाच्या वकिलाने, सवयीने की खोडीने कोण जाणे, विचारले, की मग साहेबांच्या आधीच्या अहवालांचे काय. साहेबांनी कठड्यावर दोन्ही हात टेकले.

"ते उघडावे लागतील," ते म्हणाले. "पत्रं बाजूला काढून."

खुर्च्या विणणारा दुपारी सुटला. बाहेरच्या खोलीत त्याचा पट्टा, चष्मा आणि वेताची सुरी परत देऊन कारकुनाने नोंदवही पुढे सरकवली आणि शाईचा डबा उघडला. पोच म्हणून अंगठा. त्या माणसाने डब्याकडे पाहिले, दाराशी उभ्या असलेल्या साहेबांकडे पाहिले आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"सही केली तर नाही का चालणार?" त्याने विचारले.

कारकून म्हणाला, नियम अंगठ्याचाच आहे, अंगठा कसा पक्का असतो.

एकोणतीस वर्षे ठशांवर जगलेले भिंगसाहेब पुढे झाले, त्यांनी शाईचा डबा बंद केला आणि आपले पेन उघडून त्या माणसापुढे धरले.

"सहीच घ्या," ते कारकुनाला म्हणाले.