भिवापुरीचा अंधारा कोपरा

सीताबर्डीत माझं दिव्यांचं दुकान आहे. तीस वर्षं मी लोकांच्या घरात उजेड पाडते आहे आणि माझा नियम एकच: उजेड सगळीकडे सारखा पडला पाहिजे. एका कोपऱ्यात लखलखाट आणि दुसऱ्यात काळोख असेल, तर फिटिंग करणाऱ्याचे कान उपटावेत, या मताची मी आहे.

नोव्हेंबरात माझी लेक वैदेही चार महिन्यांच्या ट्रेनिंगला बंगळुरूला गेली आणि तिच्या सरड्याची काचपेटी माझ्या गळ्यात पडली. मला आधी दिसले ते दिवे. ऊब देणारा बल्ब आणि उन्हातले अतिनील किरण देणारी यूव्हीबी ट्यूब, दोन्ही डावीकडे दाटीवाटीनं, उजवीकडे अंधार. कोणत्या अडाण्यानं लावलं हे? लावलं होतं वैदेहीनंच. दुसऱ्याच दिवशी मी ट्यूब उचलून पेटीवरच्या जाळीच्या उजव्या टोकाला ठेवली. पेटी कशी देवघरासारखी उजळली.

"आई, दिवे जसेच्या तसे हायेत नं?" ती दर फोनवर विचारायची.

"हो वं बाई, हायेत." मनात म्हणायची, उलट सुधारलेत.

सरड्याचं नाव भिवापुरी. अंगानं लालसर, भिवापुरी मिरचीसारखा. आधी मला त्याची किळस यायची. मग तो मान तिरकी करून माझ्याकडं बघायला लागला आणि मी दुकानातून आले की चपला काढायच्या आधी पेटीपाशी जायला लागले.

जानेवारीत त्याचे मागचे पाय थरथरू लागले. पुढ्यात किडा टाकला तरी उठेना. त्याला जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. पियूष नावाचा तरुण डॉक्टर. त्यानं पाय हलकेच दाबून पाहिले.

"काकू, हाडं नरम पडून राहिले याचे. यूव्हीबीची ट्यूब हाये का?"

"काहून नसन? दिव्यांचं दुकान हाये माझं."

"ट्यूब कुठं हाये, अन् हा बसते कुठं?"

पहिल्याचं उत्तर मला तोंडपाठ होतं. तो बसतो कुठं, हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्यानं कॅल्शियमचं औषध दिलं आणि म्हणाला, "त्या ट्यूबचे किरण अंगावर पडल्याबिगर हे हाडात उतरत नाही. जगते का नाही, ते त्याच्यावर हाये."

रविवारी मी दुकान उघडलंच नाही. पेटीसमोर स्टूल टाकलं आणि सकाळी दहापासून दर अर्ध्या तासाला वहीत खूण केली, भिवापुरी डावीकडे की उजवीकडे. चारपर्यंत तेरा खुणा झाल्या. तेराही डावीकडे, बल्बाखालच्या दगडावर. हा उजव्या बाजूला जातच नाही?

थंडीनं माझेही हात गारठले होते, म्हणून गच्चीत जाऊन उन्हात उभी राहिले. पाठ शेकत असतानाच डोक्यात लख्ख पडलं. ऊब एका भिंतीला आणि किरण दुसऱ्या भिंतीला, असं ऊन कधी पडतं का? काकडलेला जीव उबेपाशीच बसणार, आणि त्याची हाडं घडवणारे किरण मी रिकाम्या वाळूवर पाडले होते.

धावत खाली आले. ट्यूब परत बल्बाशेजारी नेली, तर जाळीवर मार्करच्या दोन रेघा होत्या. वैदेहीनं मोजून मारलेल्या. ट्यूब त्यांच्या मधोमध बरोबर बसली. अडीच महिने त्या रेघा माझ्या डोळ्यांसमोर होत्या. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

फोन लावला. "वैदू, दिवे मी हलवले होते. तुले खोटं सांगत होती वं मी. भिवापुरीचे पाय लुळे पडून राहिले माह्यामुळं."

ती म्हणाली, "मी मोजून लावले होते, आई."

"माहीत हाये. आत्ता पाह्यल्या रेघा."

त्यानंतर वीस दिवस ती रोज व्हिडिओवर फक्त त्याचे पाय बघायची. माझ्याशी कामापुरतंच बोलायची. एकविसाव्या दिवशी भिवापुरीनं किडा पकडला, दगडावरून खाली उतरला आणि न थरथरता अख्खी पेटी ओलांडून उजव्या टोकाला, अंधारात जाऊन पसरला.

"अंधारात काहून गेला तो?" मी घाबरून विचारलं.

"गरम झालं असन त्याले." फोनमध्ये वैदेही हसत होती, डोळे पुसत होती. "त्याच्यासाठीच तर ठेवला होता तो कोपरा."

माझा हात सवयीनं ट्यूबकडं गेला होता. मी तो मागं घेतला.