मुकादमासमोर सातवं प्रकरण

आमच्या लायब्ररीत मुकादमाला कुणी नोकरीवर ठेवलेलं नाही. आधीचा वॉचमन काम सोडून गेला, तेव्हा खुर्ची, टॉर्च आणि कुत्रा मागे ठेवून गेला. खुर्ची मोडली, टॉर्च कुणीतरी लंपास केला, कुत्रा राहिला. नाव मी ठेवलं. स्वतः काडीचं काम करायचं नाही आणि दुसरा करत असला की जवळ बसून बघत राहायचं, त्याला दुसरं काय म्हणणार? मी पुस्तकं लावायला घेतली की हा कपाटाशी हजर. झाडूवाली आली की हा दारात आडवा. पहिली काही वर्षं मी येईल त्याला सांगायची, मला कुत्री आवडत नाहीत म्हणून. हल्ली सांगत नाही. लोक तोंडावर हसतात.

शनिवारी सकाळी मात्र मुकादमाला खरंच काम असतं. वाचताना अडखळणारी मुलं त्या दिवशी येतात. मुलांच्या खोलीत खिडकीखाली एक सतरंजी असते, सतरंजीवर मुकादम, त्याच्यासमोर मूल, मुलाच्या हातात पुस्तक. मूल वाचतं, कुत्रा ऐकतो. नियम एकच, तो मीच केलेला आणि मीच राखलेला: सतरंजीच्या आसपास मोठ्या माणसाने फिरकायचं नाही. आई नको, बाप नको, मीसुद्धा नको. पोर एखाद्या शब्दाला अडलं की मोठ्यांची जीभ वळवळायला लागते, शब्द पुरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मुकादम शब्द पुरवत नाही. तो वाट बघतो, नाहीतर सरळ झोपतो. वाचून झालं की त्याला एक बिस्कीट मिळतं. एकच, कारण त्याचं पोट आता जमिनीला टेकायच्या बेतात आहे.

आणि ही मुलं वाचतात काय, तर 'कोठारातला दवाखाना'. दुसरं पुस्तक हातात द्या, नाकं मुरडतात. दोन भावंडं घरामागच्या कोठारात प्राण्यांचा दवाखाना काढतात, त्याचे ढीगभर भाग आहेत. कधी पंख मोडलेलं घुबड, कधी लंगडं कोकरू, कधी कुणी टाकून दिलेलं कासव. सातव्या प्रकरणात जनावराचा जीव टांगणीला लागतो आणि शेवटच्या प्रकरणात तेच जनावर अंगणभर उड्या मारतं. कासवसुद्धा! मी सगळे भाग वाचलेत. कामाचा भाग म्हणून वाचले असं मी सांगते. पण सगळं ठाऊक असूनही दर सातव्या प्रकरणाला माझा गळा भरून येतो, आता याला काय करायचं?

बिट्टी तिसरीतली. तिचा बाप रंगारी, घरं रंगवतो. कितीही आंघोळ केली तरी त्याच्या कानाच्या पाळीला रंग राहतोच, आणि त्यावरून गल्लीत कुणाची भिंत पिवळी होतेय ते आम्हाला कळतं. तो दर शनिवारी पोरीला आणून सोडायचा आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. एक दिवस मात्र काउंटरशी येऊन उभा राहिला.

"मावशी, शाळेतून निरोप आलाय. वर्गात वाचायला उभी केली की ही तोंडच उघडत नाही. वर्ष संपायच्या आत एक पान वाचून दाखवलं नाही तर परत तिसरीतच बसवणार म्हणतात."

"काहीतरीच काय! ती तर वाचते इथे."

"तिच्या सगळ्या मैत्रिणी पुढे जातील हो. रात्री पांघरुणात रडते. मला वाटतं, मी झोपलोय असं समजून रडते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दर शनिवारी खिडकीखालून त्या पोरीचा आवाज मी ऐकत होते. शब्द कळत नव्हते, माझाच नियम होता ना! पण आवाज कसा, नळ सोडल्यासारखा. मी बापाला म्हटलं, "तिच्या वर्गाच्या बाईंना म्हणावं, येत्या शनिवारी या आणि स्वतःच्या कानांनी ऐका. ही माझी जबाबदारी." इतकी वर्षं राखलेला नियम मी त्या एका वाक्यात मोडला, आणि वर ऐटीत चष्मा पुसला.

बाई आल्या. उंच, ताठ, अंबाड्यात लाल पेन खोचलेलं. आल्या आल्या त्यांनी माझ्या सूचनाफलकावरची तारीख दुरुस्त केली. बरोबर केली, त्याचाच जास्त राग आला. आम्ही दोघी मुलांच्या बुटक्या स्टुलांवर कशाबशा बसलो. त्याच भागाची दुसरी प्रत मी बाईंच्या मांडीवर ठेवली. बिट्टीने एकदा आमच्याकडे पाहिलं, मग पाठ फिरवून मुकादमाकडे तोंड केलं आणि खूण घातलेलं पान उघडलं. सातवं प्रकरण. या भागात आजारी पडतो तो त्या भावंडांचा स्वतःचा म्हातारा कुत्रा.

बिट्टी वाचायला लागली. "म्हातारा कुत्रा कोठाराच्या कोपऱ्यात झोपला होता. आजीने विणलेला निळा रुमाल त्याच्या गळ्यात होता. आज त्याने पोटभर खाल्लं होतं. मग शेजारीण आली आणि तिने पेटीतून दोन बिस्किटं काढली."

कुठे अडखळणं नाही की काही नाही. मी बाईंकडे असं पाहिलं, जणू पोरगी माझ्याच पोटची आहे. बाईंचं बोट मात्र ओळीवर थांबलं होतं. त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. तिथे छापलं होतं: 'कालपासून त्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. मग डॉक्टर आले आणि त्यांनी पेटीतून सुई काढली.'

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"थांब, बाळ," बाई म्हणाल्या. "तू म्हणतेस ते इथे लिहिलेलं नाही."

बिट्टी गप्प झाली. गप्प म्हणजे कशी, मान खाली, ओठ मिटलेले, हात पुस्तकावर घट्ट. वर्गात ती कशी उभी राहत असेल ते मला तेव्हा दिसलं. बाई हळूच मला म्हणाल्या, "चित्रं बघून मनाने गोष्ट रचतेय. डोकं चांगलं आहे पोरीचं, पण याला वाचन नाही म्हणता येत." बोलल्या मायेनेच, पण दारात बाप उभा होता. त्याने ऐकलं. तो आपल्या हातांवरचा रंग नखाने खरवडायला लागला. मला सगळ्यांचाच राग आला. बाईंचा, पोरीचा, भर सभेत जांभई देणाऱ्या मुकादमाचा, आणि त्या बापाला आशेला लावणाऱ्या माझ्या लांबलचक जिभेचा तर फारच.

राग आला की मी पुस्तकात डोकं घालते, जुनी खोड आहे. तशी मी ते पान पुन्हा वाचायला लागले. कोठाराचा कोपरा होता. आजीने विणलेला निळा रुमाल होता. पेटी होती. मी पान उलटलं, मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं.

"अहो बाई," मी म्हटलं, "इथे चित्र कुठाय?"

बाईंनीही पानं उलटली. चित्र नव्हतं. त्या सबंध प्रकरणात एकही चित्र नव्हतं.

"मग निळा रुमाल तिला कुठून कळला?"

मी उठले, माझ्या गुडघ्यांनी कटकट आवाज केला, आणि जिथे मी कधीही पाय ठेवला नव्हता त्या सतरंजीवर जाऊन बसले.

"बिट्टी, खरं सांग हं. इथे काय लिहिलंय ते तुला वाचता येतंय ना?"

तिने मान डोलावली.

"मग बये, तसंच का नाही वाचलंस?"

बिट्टीने आधी मुकादमाचा कान दोन बोटांत धरून दुमडला, वरून तळहात ठेवला, आणि मग माझ्या कानात कुजबुजली, "त्याला कळतं. तो आजारी होता ना तेव्हा. त्याला सुया टोचल्या होत्या. आता बरा झालाय, मग परत कशाला सांगायचं त्याला?"

खरी गोष्ट होती. थंडीत मुकादम जनावरांच्या दवाखान्यात पडून होता. परत आला तो बरगड्या मोजता येतील असा, पुढच्या पायावरचे केस भादरलेले. तेव्हापासून कुणी मोठ्याने 'डॉक्टर' म्हटलं की हा माझ्या टेबलाखाली शिरतो. मी स्वतः फोनवर तो शब्द दबक्या आवाजात बोलते, आणि ही अक्कल मला या पोरीच्या बाबतीत सुचली नाही! मी बाईंना सगळं सांगितलं.

बाईंनी वळून मुकादमाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ते ठीक आहे. पण मला लिहिलेलंच ऐकावं लागेल. त्याशिवाय मी पुढच्या वर्गात कसं पाठवू?"

बिट्टीने विचार केला. "मग त्याला बाहेर न्या," ती म्हणाली.

कुत्रा समोर नसताना या पोरीने आजवर कुणापुढे एक अक्षर वाचलं नव्हतं. पण ती बापाकडे बघत होती, आणि बाप पुढे आला. मुकादम काही केल्या उठेना. त्याचं काम चाललेलं असताना त्याला हलवणं म्हणजे अपमानच. शेवटी बापाने त्याला जवळजवळ उचलूनच अंगणात नेलं. बिट्टीने स्वतः उठून दार लावलं, ढकलून नीट लागलंय का ते पाहिलं, आणि येऊन बसली. रिकाम्या सतरंजीकडे तोंड करून.

पहिला शब्द येईना. बाईंचे ओठ हलायला लागले. शब्द अगदी जिभेवर आला होता त्यांच्या, मला दिसत होता. मी त्यांचा हात धरला आणि चांगला दाबला.

"म्हा," बिट्टी म्हणाली. "म्हाता... म्हातारा कुत्रा."

आणि मग ती वाचत गेली. मघासारखं नाही. अडत, ठेचकाळत, एकेका शब्दाला दोनदा हात घालत. पण काही गाळलं नाही. अन्नाला तोंड न लावणं वाचलं, डॉक्टर वाचला, सुई वाचली. शेवटच्या ओळीपाशी आली तेव्हा तिने वळून बंद दाराकडे पाहिलं आणि आवाज इतका खाली आणला की आम्ही दोघी पुढे वाकलो. "तो सकाळ बघेल की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं."

मी ते वाक्य कितीदा वाचलं असेल, तरी पदर डोळ्यांना लावावा लागला. बाईंनी अंबाड्यातलं लाल पेन काढलं, त्याच्याकडे पाहिलं आणि परत खोचलं.

"चौथीत पहिल्या बाकावर बसायचं," त्या म्हणाल्या. "चौथीलाही मीच आहे. माझ्याजवळ बस. म्हणजे हळू वाचलंस तरी मला ऐकू येईल."

बिट्टी दार उघडायला धावली. बाप आत आला, नाक पुसलं आणि नाकाला पिवळा रंग लावून घेतला. त्याला काही सांगावंच लागलं नाही. मुकादम आला, सतरंजीला एक चक्कर मारून जागेवर बसला आणि पंजांवर तोंड ठेवून वाट बघायला लागला. त्याचं प्रकरण अर्धं राहिलं होतं ना.

बिट्टीने पान पुन्हा पहिल्यापासून काढलं. बाईंनीही आपली प्रत उघडली आणि ओळीवर बोट ठेवलं. मला वाटलं, झालं, आता या परत टोकणार.

"आज त्याने पोटभर खाल्लं होतं," बिट्टी वाचत होती. "मग शेजारीण आली आणि तिने पेटीतून दोन बिस्किटं काढली."

"तीन," बाई म्हणाल्या.

बिट्टी थांबली.

"नीट बघून वाच," बाई ओळीवरचं बोट न हलवता म्हणाल्या. "तीन लिहिलंय."

बिट्टीने पुस्तकात पाहिलं. मग बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. मग पुन्हा पुस्तकात.

"तीन बिस्किटं काढली," तिने वाचलं.

हा शब्द मुकादमाला चांगला कळतो. तो उठला, शेपूट हलवत थेट माझ्यापुढे येऊन बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. बाईही बघत होत्या, बिट्टीही बघत होती. मी निमूटपणे डबा उघडला आणि तीन मोजून दिली.