चोवीस जण हजर

या सहलीला माझा विरोधच होता. शिडाच्या होड्या, तंबू, शेकोटी हे सगळं फोटोत शोभतं. निस्तरायला मात्र मास्तर लागतो. पण प्राचार्यांनी गळ घातली आणि रोह्याच्या आमच्या कॉलेजातली चोवीस मुलं घेऊन मी रेवदंड्याच्या खाडीवर मुक्कामाला आलो.

निघताना ऋत्विकचे वडील धाटावच्या कंपनीतून रात्रपाळी करून तसेच स्टँडवर आले होते. "सर, ह्याला पवायला येत नाय," म्हणाले. "तेवढं लक्ष असू द्या." मी म्हटलं, निर्धास्त राहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन होड्या निघाल्या. ओहोटीला खाडीत वाळूची एक पट्टी उघडी पडते, तिथे मुलं उतरली, पार टोकापर्यंत हुंदडली. भरती लागताच होडीवाले महिपतीकाका घाई करू लागले. तिवरांच्या आडून वळसा घालून आम्ही किनाऱ्याला लागलो आणि मी हजेरी घेतली. वर्गात घेतो तशीच, वहीत डोकं घालून, खणखणीत आवाजात. चोवीस नावं, चोवीस वेळा 'हजर सर'. मग सगळे पोह्यांवर तुटून पडले.

महिपतीकाका मुलांनी काढून ठेवलेली तरंगायची जाकिटं मोजत होते. दोनदा मोजली. माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "एक जाकीट कमी हाय. पोरांना मोजा, सर."

तेवीस भरली. ऋत्विक नव्हता.

त्याच्या नावाला जितेशने ओ दिली होती. ऋत्विक झाडीमागे गेला असेल असं त्याला वाटलं, आणि मित्राची हजेरी लावायची तर रोजचीच सवय. प्रत्येक होडीला वाटलं, तो दुसरीत बसलाय. जितेशच्या मुस्काटात द्यायला माझा हात उठला आणि तसाच राहिला. वर्गात कोण कुणाची हजेरी लावतं, हे मला पाच वर्षं ठाऊक आहे. पट भरलेला दिसला की वरचे खूश, म्हणून मी कानाडोळा करत आलो. त्याला मारलं असतं तर चोराच्या उलट्या बोंबा झाल्या असत्या.

काकांनी इंजिनाची होडी काढली. मी पुढे बसलो. त्याच्या वडिलांना काय सांगायचं, याची वाक्यं मनात जुळवत होतो आणि एकही पुरं होत नव्हतं. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

वाळूची पट्टी बुडाली होती. ऋत्विक कमरेच्या वर पाण्यात उभा होता, जाकिटाचे पट्टे दोन्ही हातांनी घट्ट धरून. काकांनी त्याला वर ओढलं. ओठ निळे पडले होते. मी त्याला टॉवेलात गुंडाळलं, माफ कर म्हटलं, आणि ओरडायचं तरी होतंस, असंही बोलून गेलो.

"ओरडलो ना, सर," तो म्हणाला. "वारा तुमच्याकडून येत होता. तुमची हजेरी मला सगळी ऐकू येत होती. माझं नाव आलं तेव्हा जीव खाऊन 'हजर' म्हटलं. मग तुम्ही पुढचं नाव घेतलंत."