भोंग्याच्या घरचं पाचारण

कोबीच्या ढिगाशेजारी पालथ्या घातलेल्या खोक्यावर उभा राहून तो भाव पुकारत होता, तेवढ्यात त्याला गर्दीत बायको दिसली आणि पुढचा आकडा घशातच राहिला. लग्नाला तीसेक वर्षं होत आली होती, पण ती घाऊक बाजारात कधी फिरकली नव्हती.

"बोल की! झोपलास का?" खरेदीदार ओरडले.

"अहो, खाली उतरा," ती धापा टाकत म्हणाली.

"कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही हो! चर्चच्या पाळकांचा फोन आला होता. मिशननं आपल्या पोराला घेतलं. पाचारण आलं त्याला!"

तो खाली उतरलाच नाही. उलट बाजाराकडे तोंड करून त्याने छाती भरून श्वास घेतला. बाजारात त्याला भोंगा म्हणत. कांद्याच्या गाळ्यापासून पार फाटकापर्यंत त्याचा आवाज पोचायचा, त्याला माइक कधी लागला नाही. "ऐका रे सगळ्यांनी! माझ्या पोराला देवाच्या कामाला बोलावलंय! मिशनरी होऊन चाललाय माझा पोरगा!"

हमालांनी टाळ्या वाजवल्या. बटाटेवाल्याने मिठीच मारली. "पण तिथे काम काय असतं रे?"

"लांब एक बेट आहे. तिथे मिशनचा दवाखाना आहे, शाळा आहे. तिथे राहायचं, लोकांचं करायचं, देवाचा शब्द सांगायचा."

"सांगायचा?" बटाटेवाला हसला. "मग तूही जाणार म्हण की बरोबर!"

सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं. भोंगाही हसला, कोबीचा ढीग नेहमीपेक्षा स्वस्तात सोडून दिला आणि बायकोला घेऊन घरी निघाला.

पोरगा तोतरा होता. तोतरा म्हणजे थोडाथोडका नाही. एखाद्या शब्दापाशी अडला की डोळे मिटायचा, मान ताठ व्हायची आणि ओठ नुसते थरथरत राहायचे. बापाला ते बघवायचं नाही. म्हणून पोरगा बोलायला लागल्यापासून त्याची अर्धी वाक्यं बापच पुरी करत आला होता. दुकानात, दवाखान्यात, पाहुण्यांत. शाळेत नाव घालायच्या दिवशी हेडमास्तरांनी विचारलं होतं, "बाळा, तुला काय आवडतं?" पोरगा "चि… चि…" करत राहिला. "चित्रं!" बाप म्हणाला. हेडमास्तर खूश झाले. पोरगा पुढे तीन वर्षं चित्रकलेच्या वर्गाला बसला. त्याला एक धड घर काढता आलं नाही.

मोठा झाल्यावर तो चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासायला लागला. तिथे यंत्राची घरघर असायची, बोलायची गरज पडत नसे. रविवारी प्रार्थनेला जायचा, शेवटच्या बाकावर बसायचा. त्याने मिशनकडे अर्ज केलाय हे घरी माहीत होतं, पण त्यातून काही होईल असं कुणी धरून चाललं नव्हतं.

त्या संध्याकाळी पोरगा कामावरून आला आणि दारातच थांबला. "आई, बाबा… म… म…"

"मिशनचं ना! कळलं आम्हाला!" बापाने त्याला उचललंच. "पाळकांचा फोन आला होता!"

पोराने तोंड मिटलं आणि हसून मान हलवली.

मग घराला काही सुचेना. आईने पडदे धुवायला काढले, का ते तिलाही सांगता आलं नसतं. थोरली मुलगी आपली दोन पोरं घेऊन राहायला आली. भावाची बॅग भरण्यावरून तिचं आईशी रोज वाजायचं. "अगं, बेटावर उकडतं, स्वेटर कशाला?" "असू दे, समुद्राचं वारं असतं." शेजारपाजारचे येऊन चहा पिऊन जात. लोकरीचे मोजे तर चार जणांनी आणून दिले. बाप ज्याला त्याला अडवून सांगत सुटला होता. बसमध्ये एका अनोळखी माणसाने तर कंटाळून जागाच बदलली.

पण निरोपाचा रविवार जवळ आला तसा त्याचा आवाज उतरू लागला. निरोपाच्या प्रार्थनेत जाणाऱ्याने मंडळीपुढे उभं राहून साक्ष द्यायची असते, आपल्याला हे पाचारण कसं झालं ते सांगायचं असतं. एका दुपारी बाजारातून तो परस्पर पाळकांकडे गेला.

"साक्ष मी दिली तर चालेल का? म्हणजे तो शेजारी उभा राहील, मी त्याच्या वतीनं बोलेन. मला सगळं ठाऊक आहे."

पाळक म्हणाले, "त्याला विचारलंत?"

त्याने घरी येऊन विचारलं. पोरगा बुटांना पॉलिश करत होता. ब्रश खाली ठेवून तो म्हणाला, "न… नको, बाबा. तुम्ही स… समोर बसा."

"अरे, चारशे माणसं असतात. लोक बघत राहतात. मला कळतं ना तुझं काय होतं ते."

"मुलाखतीला त्यांनी विचारलं, का ज… जायचंय. मला खूप वे… वे…"

"वेळ लागला."

"हो." पोरगा थांबला. "ते थांबले, बाबा. कुणी काही बोललं नाही. मी सं… संपवेपर्यंत थांबले."

त्यात तक्रारीचा सूर नव्हता. त्याने ब्रश उचलला आणि दुसरा बूट पुढे ओढला. बाप काही काम नसताना अंगणात गेला.

रविवारी घरची सगळी पहिल्या बाकावर बसली. पोरगा इस्त्रीचा सदरा घालून पुढे गेला, दोन्ही हातांनी लाकडी कठडा धरला. सुरुवातीची दोन-तीन वाक्यं अडखळत का होईना निघाली. मग तो म्हणाला, "आमच्या घरात बाबांचा आ… आ…"

शब्द अडला. डोळे मिटले गेले, मान ताठ झाली. मागे कुणीतरी खोकलं. एक लहान मूल काहीतरी बोललं, त्याला त्याच्या आईने दटावलं. बापाला शब्द कळला होता. आशीर्वाद. दुसरा असणार कुठला? तो त्याच्या जिभेच्या टोकावर येऊन उभा होता, नुसतं तोंड उघडायचा अवकाश. त्याने बाकाची कड घट्ट धरली. बायकोने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण तिचा हात त्याच्या मनगटावर आला. ती कधी नव्हे इतक्या जोरात दाबत होती.

"…आ… आवाज मोठा आहे," पोरगा म्हणाला.

सगळं चर्च हसलं. पोरगाही हसला, आणि हसल्यामुळे पुढचं जरा सोपं गेलं. "त्यामुळे मला ऐ… ऐकायची सवय लागली. बेटावरच्या ड… डॉक्टरबाई मुलाखतीत म्हणाल्या, तिथे सांगायला येणारे पुष्कळ असतात. ऐकणारं माणूस ह… हवंय. मला वाटलं, हे मला ज… जमेल."

आणखी बरंच बोलला तो. मघाच्या त्या हशात भोंगा सर्वांत शेवटी हसला होता, आणि त्याचं हसू लवकर विरलं होतं. पाळकांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली तेव्हा थोरली ढसाढसा रडली. आई रडली नाही. तिचा चेहरा इतका उजळला होता की शेजारच्या बाईने तिला विचारलं, "चेहऱ्याला काही लावलंत का हो?"

बाहेर लोक पोराभोवती गोळा झाले. गर्दी पांगल्यावर बाप त्याच्याजवळ गेला.

"त्या हेडमास्तरांनी विचारलं होतं ना तुला, लहानपणी, काय आवडतं म्हणून. तू 'चि' म्हणालास. काय सांगणार होतास?"

पोराने आठवून पाहिलं. बाप थांबला.

"चि… चिमण्या असेल," पोरगा म्हणाला. "न… नक्की नाही आठवत."

"चिमण्या," बाप म्हणाला.

बुधवारी सकाळी बंदराकडे जाणारी बस होती. आईने सूचनांची सरबत्ती केली, थोरलीने स्वेटर कोंबलेली बॅग वर चढवून दिली. पोराने बापाच्या खांद्यावर डोकं टेकवलं, क्षणभर तसंच ठेवलं, आणि आत जाऊन खिडकीपाशी बसला. गाडी थंड हवेची होती, काच उघडत नव्हती. इंजिन सुरू झाल्यावर तो खिडकीला चिकटून काहीतरी सांगू लागला. मध्येच डोळे मिटले, ओठ थरथरले, मग पुन्हा बोलू लागला.

"काय म्हणतोय हो?" बायकोने विचारलं.

"बोलू दे त्याला," भोंगा हळूच म्हणाला.

काचेतून अक्षरही ऐकू येत नव्हतं. बस मागे सरली, वळली, तरी पोराचे ओठ हलत होते. बाप बसबरोबर स्थानकाच्या फाटकापर्यंत चालत गेला, पोराकडे बघत, काही न बोलता, मान हलवत.